छायाचित्रकारांच्या पोर्टफोलिओ-साधनातील सुधारणा : फोंडा, जून ते ऑगस्ट २०२५

२ जून २०२५

फोंड्यातील आमचा छोटा गट गोव्यातील छायाचित्रकारांसाठी संकेतस्थळ बांधून देणारे एक साधन चालवतो. छायाचित्रकाराने फोटो चढवायचे, टेम्प्लेट निवडायचे, की त्याचे संकेतस्थळ तयार होते. कोडला हात लावावा लागत नाही. वापरणाऱ्यांत लग्नांचे काम करणारे सर्वाधिक, त्यांच्या खालोखाल जत्रा आणि शिगम्याचे (गोव्यातील होळीच्या उत्सवाचे) फोटो काढणारे, आणि थोडे पक्ष्यांच्या मागे रानात फिरणारे. तुळशीचे लग्न झाले की हंगाम सुरू होतो आणि मग कोणालाच सवड नसते, म्हणून मोठी दुरुस्ती पावसाळ्यात काढली आहे. यंदा चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, २७ ऑगस्टला आहे. तिच्या आधी सर्वांना नव्या आवृत्तीवर नेणे ही मुदत.

गटात नवीन टेम्प्लेट करण्याचा उत्साह बराच होता. तक्रारींची वही उलटून पाहिल्यावर मात्र टेम्प्लेटविषयी फारसे कोणी बोललेले आढळले नाही. रंग फिके पडतात, उभा फोटो आडवा होतो, चढवताना मध्येच तुटते, लावलेला क्रम बदलतो, मराठी शीर्षक तुटक दिसते, अशाच नोंदी पुन्हापुन्हा होत्या. डिचोलीच्या एका छायाचित्रकाराने तर सरळ लिहिले होते, "सायबा, सजावट पुरे झाली, आधी माझा फोटो माझ्यासारखा दाखवा." त्यामुळे या फेरीत नवे टेम्प्लेट एकही करायचे नाही, असे ठरले.

प्रत्येक बदल तपासण्यासाठी फोटोंचा एक कायमचा संच केला : पावसातील हिरवेगार खाजन (खाडीकाठचे बांध घातलेले) शेत, शिगम्याच्या मिरवणुकीतील गुलाल, दिवजांच्या म्हणजे दिव्यांच्या जत्रेतील अंधार आणि ज्योती, पांढऱ्या चर्चसमोर पांढऱ्या झग्यातील नवरी, फोनवर काढलेला एक उभा फोटो, आणि दूधसागरचे अनेक फोटो जोडून केलेले लांबलचक चित्र. असे काम हाती घेणाऱ्याने असा संच पहिल्या दिवशी करावा. एरवी प्रत्येक बदलानंतर जो फोटो हाताला लागेल तो पाहिला जातो, आणि नेमका बिघडणारा प्रकार सुटून जातो.

५ जून

रंगांपासून सुरुवात केली. खाजनाचा फोटो छायाचित्रकाराच्या संगणकावर ओला हिरवा आणि आमच्या गॅलरीत उन्हाने विटल्यासारखा दिसत होता. कारण साधे निघाले. अल्बम छापणाऱ्यांच्या सल्ल्यावरून अनेकांचे कॅमेरे अ‍ॅडोबी आरजीबी या रंगावकाशावर, म्हणजे रंगांच्या ठरावीक आवाक्यावर, लावलेले असतात. आमची जुनी प्रक्रिया फाइल लहान करण्यासाठी फोटोसोबतची सर्व माहिती काढून टाकत असे, आणि तिच्याबरोबर आकड्यांवरून रंग कसा वाचायचा ते सांगणारे प्रोफाइलही जात असे. प्रोफाइल नसले की ब्राउझर तेच आकडे एसआरजीबी या वेबवरच्या नेहमीच्या रंगावकाशाचे समजून वाचतो. या दोन रंगावकाशांत लाल आणि निळा हे मूळ रंग सारखेच आहेत, फरक हिरव्याचा आहे. त्यामुळे गोव्यातील पावसाळी फोटोंवर या दोषाचा मार सर्वांत जास्त बसतो आणि स्टुडिओतील फोटोंत तो चटकन ध्यानातही येत नाही.

आधी प्रोफाइल जसेच्या तसे ठेवून पाहिले. हिरवा परत आला, पण प्रत्येक लघुचित्राबरोबर प्रोफाइलचे ओझेही आले, आणि प्रोफाइल न वाचणाऱ्या काही दुय्यम ठिकाणी रंग पुन्हा फिके दिसले. शेवटी क्रम असा ठरला : प्रोफाइल वाचायचे, आकडे एसआरजीबीत बदलायचे, आणि त्यानंतरच बाकीची माहिती काढायची. ज्या फोटोंना मुळातच प्रोफाइल नाही, ते एसआरजीबीचे धरले. त्यांतले काही प्रत्यक्षात अ‍ॅडोबी आरजीबीचे असतात आणि ते यंत्राला कळणे शक्य नाही. त्यांच्यासाठी संपादनाच्या पानावर एक निवड ठेवली आहे.

बऱ्याच नव्या फोनवरचे फोटो डिस्प्ले पी३ या अधिक रुंद रंगावकाशात येतात. ते एसआरजीबीत आणले की गुलालाच्या सर्वांत गडद भागातील पोत सपाट होतो. संचातील शिगम्याच्या फोटोत हे स्पष्ट दिसते. तूर्त तसेच सोडले आहे.

९ जून

उभा फोटो आडवा पडण्याचे मूळही त्याच ठिकाणी सापडले. कॅमेरा उभा धरला तरी बहुतेक वेळा चित्रबिंदू आडवेच साठवले जातात आणि ‘हे फिरवून दाखवा’ अशी खूण एक्झिफ माहितीत, म्हणजे कॅमेरा फाइलमध्येच ठेवतो त्या नोंदींत, लिहिली जाते. ती खूण पुसली की फोटो लोळतो. आधी फिरवायचे आणि मग पुसायचे, एवढीच दुरुस्ती वाटली होती. ती केल्यावर फोटो सरळ झाले, पण गॅलरी उघडताना पान वरखाली उड्या मारू लागले. रुंदी आणि उंची आम्ही न फिरवलेल्या फाइलवरून नोंदवत होतो, त्यामुळे ब्राउझर आडव्या चौकटीची जागा राखून ठेवी आणि तिच्यात उभा फोटो येऊन बसे. खुणेचे मूल्य ५ ते ८ असेल (म्हणजे फोटो पाव फेरा फिरवायचा असेल) तेव्हा रुंदी-उंचीची अदलाबदल करून नोंदवायची, हा नियम घातल्यावर उड्या थांबल्या.

याच कामात सर्व्हर वारंवार का बंद पडतो तेही उलगडले. पंचेचाळीस मेगापिक्सेलचा फोटो उघडला की प्रत्येक बिंदूला तीन बाइट या हिशेबाने १३५ एमबी स्मृती लागते. एका वेळी सहा फोटो घेतले की आठशे एमबी ओलांडली, आणि फिरवताना, लहान करताना मधल्या प्रती होतात त्या वेगळ्याच. आमचा सर्व्हर दोन जीबीचा. स्मृती संपली की प्रक्रिया मारली जाई, कामांची रांग तोच फोटो पुन्हा हाती घेई, आणि पुन्हा तेच. बाहेरून पाहणाऱ्याला ‘फोटो तयार होत आहेत’ एवढेच दिसत राही.

मोठा सर्व्हर भाड्याने घेण्याऐवजी प्रक्रिया लिबव्हिप्स या चित्रे हाताळणाऱ्या तयार कोड-संग्रहावर नेली. जेपीईजी फाइल उघडतानाच निम्म्या, पाव किंवा आठव्या आकारात उघडण्याची सोय या स्वरूपात आहे आणि लिबव्हिप्स तिचा लाभ घेते. म्हणजे आधी लहान, मग फिरवणे. त्याच दोन जीबीत काम निभावले. रांगेत मात्र वेगळी अट घातली : तोच फोटो सलग तीनदा पडला तर बाजूला ठेवायचा आणि छायाचित्रकाराला नावानिशी कळवायचे.

१६ जून

फाइलींचे स्वरूप. आजवर सर्व फोटो वेबपी या लहान फाइलींच्या स्वरूपात बदलत होतो. गुलालाने माखलेल्या कपाळाची कड आणि काळ्या पार्श्वभूमीवरील लाल साडीचा काठ मोठा करून पाहिला तेव्हा कडेला धुरकट पट्टा दिसला. गुणवत्ता वाढवत नेली, फाइल फुगली, पट्टा राहिलाच. वेबपीचा माहिती गाळून फाइल लहान करणारा प्रकार रंगांची माहिती नेहमी ४:२:० या प्रमाणातच ठेवतो, म्हणजे चार बिंदूंमागे रंगाची एकच नोंद. गुणवत्तेचा आकडा कितीही चढवला तरी त्यात बदल होत नाही. एव्हीआयएफ या नव्या स्वरूपात ४:४:४ ची, म्हणजे प्रत्येक बिंदूला रंगाची स्वतंत्र नोंद ठेवण्याची, सोय आहे. ती वापरल्यावर काठ स्वच्छ झाला आणि फाइलही जेपीईजीपेक्षा बरीच लहान राहिली. क्रोममध्ये २०२० पासून, फायरफॉक्समध्ये २०२१ पासून आणि सफारीमध्ये २०२२ पासून हे स्वरूप चालते. जुन्या फोनसाठी जेपीईजी सोबत ठेवली आहे, तीही ४:४:४ चीच.

एव्हीआयएफची किंमत वेळात मोजावी लागते. फाइल तयार व्हायला जेपीईजीपेक्षा कितीतरी जास्त वेळ जातो, आणि लग्नाचे आठशे फोटो एकदम आले की रांग तुंबते. म्हणून प्रत्येक फोटोची जेपीईजी लगेच करायची, गॅलरी तिच्यावर उघडू द्यायची, आणि एव्हीआयएफ मागाहून सावकाश जोडायची अशी विभागणी केली. दिवजांच्या फोटोने आणखी एक गोष्ट दाखवली : सरसकट गुणवत्तेवर अंधारातील छटा पायऱ्यांसारख्या फुटतात. गडद फोटोंसाठी गुणवत्ता काही अंशांनी वर नेली. फोटो गडद आहे की नाही हे सरासरी उजेडावरून ठरते. ही मोजणी ढोबळ आहे, तरी कामाला पुरते.

दूधसागरचे लांब चित्र मूळ आकारात बदलताना वेबपीने नकारच दिला होता, कारण त्या स्वरूपात एका बाजूला १६,३८३ पिक्सेलांची मर्यादा आहे. मूळ आकाराची प्रत जाहीर पानावर देणेच आता बंद केले आहे. तिची गरज कोणाला होती, हेही नीट सांगता येत नाही.

१९ जून

फोनवर गॅलरी जड का जाते ते तपासले. एकाच फोटोच्या वेगवेगळ्या रुंदीच्या प्रती आम्ही ब्राउझरला देत होतो, पण पानावर तो किती जागा व्यापणार हे सांगत नव्हतो. ते सांगितले नाही तर ब्राउझर पूर्ण पडद्याची रुंदी गृहीत धरतो. फोनवर दोन स्तंभ आहेत, म्हणजे प्रत्येक फोटोसाठी गरजेच्या दुप्पट रुंदीची फाइल उतरत होती. ‘सायझेस’ हा गुणधर्म प्रत्येक टेम्प्लेटमध्ये लिहिला. रुंद्याही बदलल्या : ३६० एकक रुंदीचा आणि एककामागे तीन पिक्सेल असलेला फोन १,०८० पिक्सेल मागतो, आणि आमच्याकडे ९६० नंतर थेट १,६०० होते, त्यामुळे तो नाइलाजाने मोठी फाइल उचले. आता ६००, १,२००, १,८०० आणि २,४०० आहेत.

२७ जून

या फेरीतील सर्वांत चिवट काम अपलोडचे आहे. पावसात वीज जाते, राउटर बंद पडतो, फोनच्या हॉटस्पॉटवर काम सुरू होते, आणि तासभर चढत असलेली लग्नाची गॅलरी पुन्हा पहिल्या फोटोपासून सुरू करावी लागते. पेडण्याच्या एका ताईंनी हे काम रात्री झोपताना लावून ठेवण्याची सवयच करून घेतली होती आणि सकाळी उठून कोणता फोटो राहिला ते त्या हाताने जुळवत बसत.

फोटो आधी आमच्या सर्व्हरवर आणि तिथून साठवणीत, हा दुहेरी प्रवास प्रथम बंद केला. आता ब्राउझर अ‍ॅमेझॉनच्या एस-३ पद्धतीच्या ऑनलाइन साठवणीत थेट तुकड्यांनी पाठवतो. त्या पद्धतीत शेवटचा वगळता प्रत्येक तुकडा किमान पाच एमबीचा असावा लागतो, म्हणून वीस-पंचवीस एमबीच्या फोटोचे चार-पाच तुकडे पडतात आणि वीज गेली तर वाया जातो तो जास्तीत जास्त चालू तुकडा.

पहिल्या चाचणीत सर्व तुकडे पोहोचूनही फाइल जोडलीच जाईना. जोडणीच्या वेळी प्रत्येक तुकड्याचा ‘ईटॅग’, म्हणजे साठवणीने दिलेली ओळखखूण, परत द्यावा लागतो, आणि तो उत्तरात आलेला असूनही ब्राउझर आमच्या पानाला वाचू देत नव्हता. साठवणीच्या सीओआरएस नियमांत (दुसऱ्या पत्त्यावरून आलेले काय वाचू द्यायचे ते ठरवणाऱ्या) ईटॅगचे शीर्षक ‘उघड’ करावे लागते. कोड निर्दोष होता, नोंदींत चूक दिसत नव्हती, आणि यात पूर्ण दिवस गेला. अशी रचना करणाऱ्याने हा नियम सर्वांत आधी पाहावा.

दुसरा अडथळा सहीच्या मुदतीचा. तुकडे पाठवण्यासाठीचे सही केलेले, म्हणजे तात्पुरती परवानगी असलेले, पत्ते आम्ही सुरुवातीलाच एकगठ्ठा देत होतो आणि त्यांची मुदत एक तासाची होती. फोंड्यातील फायबरवर सगळे सुरळीत चाले. पेडण्याच्या मंद जोडणीवर तासानंतरचा प्रत्येक तुकडा परत येई. मुदत वाढवण्याचा सोपा मार्ग होता, पण लॅपटॉप झाकून दुसऱ्या दिवशी उघडला की तोही कोलमडतो. आता प्रत्येक तुकड्याच्या आधी त्याच तुकड्यापुरता पत्ता मागितला जातो.

एका वेळी सहा तुकडे पाठवल्याने वेग वाढेल हा अंदाजही टिकला नाही. चढत्या दिशेची जोडणी बारीक असली की सहाही तुकडे रखडतात आणि सहाही मुदतीत अडकतात. दोनवर आणल्यावर एकूण वेळ तितकाच राहिला आणि तुटण्याचे प्रमाण उतरले.

४ जुलै

अपलोड, पुढे चालू. पान बंद करून पुन्हा उघडले तरी काम उरल्या ठिकाणाहून सुरू व्हावे म्हणून कोणता तुकडा पोहोचला त्याची नोंद ब्राउझरमध्येच ठेवली. सुरक्षेसाठी ब्राउझर फाइल आपणहून पुन्हा उघडू देत नाही, छायाचित्रकाराला तोच फोल्डर पुन्हा निवडावा लागतो. नाव, आकार आणि शेवटच्या बदलाची वेळ जुळली की ती फाइल तीच, असे धरतो. तसे स्पष्ट वाक्य पडद्यावर लिहिले : ‘तोच फोल्डर पुन्हा निवडा, राहिलेले फोटोच चढतील.’ हे वाक्य नव्हते तोवर लोक घाबरून सर्व पुसून नव्याने सुरुवात करत होते.

साठवणीचे बिल वाढलेले दिसले, आणि फायली मोजल्या तर जागा त्या मानाने कमी भरत होती. अर्धवट राहिलेल्या अपलोडचे तुकडे फाइलींच्या यादीत दिसत नाहीत, पण त्यांचे भाडे लागत राहते. सात दिवसांत पूर्ण न झालेले अपलोड आपोआप रद्द करण्याचा नियम साठवणीत लावला. चाचण्यांचा सगळा कचरा तिथेच साठला होता.

१० जुलै

क्रमाची तक्रार समजून घ्यायला वेळ लागला, कारण आमच्या नोंदीत क्रम बरोबरच होता. मंगलाष्टके, अंतरपाट, हार, सप्तपदी अशा क्रमाने लावलेले फोटो पाहणाऱ्याला मात्र विस्कळित दिसत होते. विटांसारखी दिसणारी मांडणी आम्ही सीएसएस या पानाचे रूप ठरवणाऱ्या भाषेतील स्तंभांवर बांधली होती. त्यात पहिला स्तंभ वरून खालपर्यंत भरतो आणि मग दुसरा सुरू होतो. पाहणारा डावीकडून उजवीकडे वाचतो. त्यामुळे अंतरपाटाच्या शेजारी पाठवणी येऊन बसे.

मांडणी बदलून ओळींची केली. ओळीची अपेक्षित उंची ठरवायची, फोटोंची रुंदी-उंचीची गुणोत्तरे बेरीज करत जायचे, ओळ भरली की उंची थोडी कमीजास्त करून दोन्ही कडा जुळवायच्या. हिशेब सोपा आहे, दोन ठिकाणी तो फसला. शेवटच्या ओळीत एकच फोटो उरला तर तो पूर्ण रुंदीला ताणला जाऊन राक्षसी होतो; तिथे अपेक्षित उंचीच्या पुढे जायचे नाही, उजवीकडे जागा रिकामी राहिली तरी चालेल, असे केले. दुसरी अडचण अधिक खरी आहे. एकाच उंचीच्या ओळीत ३:२ चा आडवा फोटो २:३ च्या उभ्यापेक्षा सव्वादोन पट जागा घेतो. नवरीचा एकटीचा उभा फोटो, ज्यावर छायाचित्रकाराने सर्वांत जास्त मेहनत घेतलेली असते, तोच सर्वांत लहान दिसतो. यावर गणिती तोडगा शोधण्यात वेळ घालवला आणि सोडून दिला. फोटोच्या संपादनात ‘स्वतंत्र ओळीत दाखवा’ एवढी खूण दिली. कुठला फोटो मोठा हवा हे छायाचित्रकार क्षणात सांगतो. ते यंत्राने ओळखावे हा आमचाच हट्ट होता.

१५ जुलै

दोन लहान बदल. पहिला : सर्वच फोटोंना ‘लेझी’ म्हणजे जवळ आल्यावर उतरवण्याची सूचना लावलेली होती, अगदी पानाच्या माथ्यावरच्या मोठ्या फोटोलाही. तो फोटो त्यामुळे सर्वांत शेवटी उतरायला सुरुवात होई. पहिल्या फोटोची सूचना काढली आणि त्याला वरचे प्राधान्य दिले. मुख्य चित्र दिसण्याची वेळ अडीच सेकंदांच्या आत असावी, असा गूगलचा निकष आहे. साध्या फोनवर आता ती बहुतेक टेम्प्लेटांत जमते.

दुसरा : फोटो मोठा करून पाहताना फोनवरचे ‘मागे’ बटण दाबले की संकेतस्थळच बंद होऊन व्हॉट्सअ‍ॅप समोर येई. आमच्याकडे बहुतेक पाहुणे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या दुव्यावरूनच येतात. फोटो उघडताना ब्राउझरच्या इतिहासात एक पायरी टाकली, की मागे गेल्यावर फक्त फोटो मिटतो. लोकांनी सर्वांत जास्त कौतुक या बदलाचे केले, आणि तो करायला दुपारही पुरली नाही.

२१ जुलै

मराठी आणि कोकणी शीर्षके. टेम्प्लेट रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून बनलेले होते, त्यात अक्षरांमध्ये ऐसपैस अंतर सोडण्याची फॅशन होती. देवनागरीत ते अंतर शिरोरेखा तोडते आणि ‘लग्नसोहळा’ हा शब्द सुट्या अक्षरांची रांग होतो. देवनागरी मजकुरासाठी अंतर शून्य केले. ओळीची उंची अक्षराइतकीच ठेवल्याने ‘र्की’सारख्या अक्षरातील रेफ आणि वेलांटी वरून कापली जात होती, ती उंची दीडपटीच्या आसपास नेली.

तिसरा दोष फाँटचा. फाइल लहान करण्यासाठी आमचा जुना प्रोग्राम फक्त सुटी अक्षरे राखून जोडाक्षरे घडवणारी कोष्टके टाकून देत होता. परिणामी ‘क्ष’ हा पाय मोडलेला क आणि ष असा दिसे. कोष्टकांसह फाँट पुन्हा कापला. फाइल वाढली, त्याला इलाज नाही. मजकुराची भाषा मराठी असल्याची खूण पानात असेल तर काही फाँट ल आणि श मराठी वळणाचे देतात, म्हणून भाषा निवडण्याची सोय पानागणिक केली. एकाच संकेतस्थळावर मराठी, कोकणी आणि इंग्रजी पाने असणे गोव्यात नवलाचे नाही.

२४ जुलै

गॅलरीच्या नावावरून पानाचा पत्ता आपोआप बनतो. ‘म्हापसा’ नावाच्या गॅलरीचा पत्ता ‘महपस’ झाला होता, ‘फोंडा’चा ‘फड’ आणि ‘पेडणे’चा ‘पडण’. शब्दात न बसणारी चिन्हे गाळण्याचा जो तयार नियम वापरला होता, तो काना, मात्रा, अनुस्वार आणि हलन्त यांना अक्षर मानत नाही. युनिकोडमध्ये, म्हणजे अक्षरांच्या संगणकीय यादीत, या खुणांचा वर्ग वेगळा आहे. नियमात अक्षरे आणि अंक यांच्याबरोबर तो वर्गही घातल्यावर शब्द शाबूत राहिले.

तरीही पत्ता मराठीत ठेवणे सर्वांना सोयीचे नाही. दुवा चिकटवताना प्रत्येक देवनागरी चिन्हाचे टक्क्याच्या खुणांसह नऊ वर्ण होतात, म्हणजे ‘म्हापसा’ या सात चिन्हांचे त्रेसष्ट. रोमन रूप आपोआप करून पाहिले, पण गावांची नावे इतकी विचित्र लिहिली गेली की ते काढून टाकले. आता छायाचित्रकाराला पत्त्याचा शब्द स्वतः लिहिता येतो आणि न लिहिल्यास मराठी राहतो. ‘फड’सारखे जुने पत्ते नव्यावर कायमचे वळवले आहेत, कारण ते लग्नपत्रिकांइतकेच वाटले गेले आहेत.

३१ जुलै

‘फोटो चोरीला जाऊ नयेत’ ही मागणी प्रत्येकाची. उजवी टिचकी बंद करा, असा बहुतेकांचा आग्रह असतो. ती बंद केल्याने पडद्याचे चित्र घेणे थांबत नाही, आणि फोनवर दुवा दाबून धरणाऱ्या प्रामाणिक पाहुण्याची मात्र अडचण होते, म्हणून ती सोय दिली नाही. जाहीर पानावर १,८०० पिक्सेलांपर्यंतच प्रत द्यायची आणि २,४०० ची फक्त ग्राहकाच्या बंद गॅलरीत, असे केले. छायाचित्रकाराचे नाव आणि हक्काची ओळ आयपीटीसी रकान्यांत, म्हणजे फाइलमधील श्रेयाच्या ठरलेल्या जागी, लिहिलेली असल्यास ती राखली आहे. गूगलच्या प्रतिमा-शोधात ती दिसू शकते. रंगांच्या दुरुस्तीत बाकीची सर्व माहिती पुसत होतो, ते इथे बदलावे लागले.

उलट, ठिकाणाचे जीपीएस आकडे सर्व प्रतींतून विनाअपवाद काढले. पक्षी-छायाचित्रकारांशी बोलताना हा विषय निघाला. धनेशाच्या घरट्याचा फोटो अचूक ठिकाणासह जाहीर झाला तर दुसऱ्या आठवड्यात झाडाखाली गर्दी होते. घरगुती समारंभांतही प्रश्न तोच, फक्त झाडाऐवजी कोणाचे तरी घर.

६ ऑगस्ट

स्वतःचे डोमेन जोडताना अडकलेल्यांची प्रकरणे सोडवली. एका डोमेनला सुरक्षिततेचे प्रमाणपत्र काही केल्या मिळेना. ए-नोंद, म्हणजे डोमेन कोणत्या सर्व्हरकडे जाते ते सांगणारी नोंद, बरोबर आमच्याकडे होती. जुन्या होस्टिंगच्या काळातील आयपीव्ही६ या नव्या पद्धतीच्या पत्त्याची एक नोंद तशीच राहिली होती. प्रमाणपत्र देणारी लेट्स एन्क्रिप्ट ही सेवा तशी नोंद असल्यास तिलाच आधी विचारते, जुना सर्व्हर चुकीचे उत्तर देतो, आणि तपासणी फसते. पुन्हापुन्हा प्रयत्न केल्याने तासाला पाच अपयशांची मर्यादाही भरली. आता आमचे साधन प्रमाणपत्र मागण्यापूर्वी दोन्ही प्रकारच्या नोंदी वाचते आणि काय पुसायचे ते सांगते.

नेमसर्व्हर (डोमेनच्या सर्व नोंदी ठेवणारा सर्व्हर) आमच्याकडे वळवा, ही जुनी सूचना मदत-पानावरून काढली. ती पाळणाऱ्यांचे त्या डोमेनवरील ईमेल बंद पडते, कारण टपालाच्या नोंदी मागे राहतात. फक्त दोन नोंदी बदला, एवढेच आता लिहिले आहे.

१३ ऑगस्ट

जुने सर्व फोटो नव्या प्रक्रियेतून काढायला घेतले. चार रुंद्या आणि दोन स्वरूपे, म्हणजे प्रत्येक फोटोच्या आठ फायली. एव्हीआयएफसाठी या कामापुरते एक ताकदवान यंत्र तासांच्या हिशेबाने घेतले. कायमचा मोठा सर्व्हर घेण्यापेक्षा हे स्वस्त पडले.

पहिल्या गठ्ठ्यानंतर रंग बदललेच नाहीत असे अनेकांनी कळवले. फायलींची नावे जुनीच होती आणि ब्राउझरांना त्या वर्षभर जपून ठेवण्याची सूचना होती, त्यामुळे जुन्या प्रतीच दिसत राहिल्या. फाइलच्या आशयावरून काढलेला ठसा नावात घातला आणि गठ्ठा पुन्हा चालवला. तो खर्च दुप्पट झाला.

२१ ऑगस्ट

लग्नवाले आणि जत्रावाले सर्व नव्या आवृत्तीवर आले. पक्षी-छायाचित्रकारांपैकी ज्यांनी मूळ फायली पूर्वीच लहान करून चढवल्या होत्या त्यांचे फोटो सुधारलेले नाहीत, कारण हरवलेले प्रोफाइल परत मिळवता येत नाही. त्यांना मूळ फायली पुन्हा मागितल्या आहेत. व्हॉट्सअ‍ॅपवर दुव्याबरोबर येणारे चित्र काही टेम्प्लेटांत अजून येत नाही, तिथे चित्राचा पत्ता अपुरा लिहिला गेला आहे. डिस्प्ले पी३ आणि गुलालाचे काम बाकी आहे. मोठ्या प्रतींत तेच प्रोफाइल राखून लघुचित्रे एसआरजीबीत ठेवण्याचा विचार आहे, आणि चाचणीचे फोटो पुढच्या शिगम्याआधी हवे आहेत. तोपर्यंत जुन्या साठवणीतील मूळ फायली कोणीही पुसायच्या नाहीत. तिचे भाडे डिसेंबरपर्यंत भरलेले आहे.